चार मीटर आणि बाराशे सीसी: आपल्या चपळ हॅचबॅकची पार्श्वभूमी

२००१ साली कुर्ल्यात तयार होणाऱ्या फियाट पॅलिओला १.६ लिटरचं, १०० पीएसचं (पीएस म्हणजे साधारण अश्वशक्ती) इंजिन मिळत होतं. छोट्या गाडीत मोठं इंजिन, एवढा साधा हिशेब. पेट्रोल मात्र ती सढळ हाताने प्यायची.

२००६च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने हा हिशेब मोडला. लांबी ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत (१००० सीसी म्हणजे एक लिटर) असेल तर अबकारी कर २४ ऐवजी १६ टक्के. ताकद हवी, पण सीसी वाढवायचे नाहीत, म्हटल्यावर टर्बोशिवाय, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याशिवाय, पर्याय उरला नाही.

२०१३ची चाकणची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय या चौकटीत चपखल बसली: ११९७ सीसी, १०५ पीएस, १७५ एनएम टॉर्क (ओढ), जोडीला सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. घाटात मजा, पण मागे बसणाऱ्याचे गुडघे पुढच्या सीटला टेकणार. खरी दुखरी जागा डीएसजीची. त्याचे दोन्ही क्लच कोरडे, म्हणजे तेलात बुडालेले नाहीत. गर्दीत गाडी रांगत राहिली की क्लच अर्धवट धरून घासतात, तापतात आणि गाडी उचलताना थरथरते. उपाय सोपा: थांबल्यावर ब्रेक पूर्ण दाबून ठेवायचा, पुढे दोन गाड्यांची जागा मोकळी होऊ द्यायची आणि मगच सलग पुढे जायचं. २०२०मध्ये पोलोला १.० लिटरचं टीएसआय इंजिन आलं, तेव्हा डीएसजीच्या जागी सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक) बसला. किंचित सुस्त, पण रोजच्या ट्रॅफिकला तोच बरा.

रांजणगावच्या अबार्थ पुंटोने (२०१५) चौकट झुगारली. लांबी ४ मीटरच्या आत, पण इंजिन १३६८ सीसी. म्हणजे करसवलत गेली. बदल्यात १४५ पीएस, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि रस्ता हाताला कळवणारं हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारं) स्टीअरिंग. स्टीअरिंगच्या बाबतीत नंतरची एकही गाडी तिच्या जवळ गेली नाही.

पुढच्या मंडळींनी चौकटीतच संसार थाटला. ह्युंदाईची आय२० एन लाइन ९९८ सीसीची, टाटाची अल्ट्रोझ रेसर ११९९ सीसीची. दोन्ही १२० पीएस. कुटुंबासाठी अल्ट्रोझ सरस: डिकी ३४५ लिटर, दारं जवळपास काटकोनात उघडतात, आजीआजोबांना चढणं-उतरणं सोपं.

सप्टेंबर २०२५पासून जीएसटीचे दर बदलले, छोट्या पेट्रोल गाडीला १८ टक्के आणि मोठीला ४०. रेघ मात्र तीच, १२०० सीसी आणि ४ मीटर. त्याच वर्षी आलेली फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय या रेघेच्या बाहेरची. ती परदेशातून तयार होऊनच आली, तेव्हाची शोरूम किंमत ५३ लाख.