न घडलेला ब्रिटन कसा मोजायचा?

नाशिकच्या गंगापूर रोडवर मध्यंतरी जागतिक बाजारपेठेवर एक व्याख्यान झालं. प्रश्नोत्तरांच्या वेळी दोन श्रोत्यांमध्ये ब्रेक्झिटवरून चांगलीच जुंपली. एक होते द्राक्ष निर्यातदार. त्यांचं म्हणणं, "युरोपियन युनियन सोडून ब्रिटन खड्ड्यात गेला, आकडे बघा." दुसरे निवृत्त प्राध्यापक. ते म्हणाले, "मंदी येणार म्हणून सगळे ओरडत होते. कुठं आली? २०१६ नंतरही त्यांचं उत्पन्न वाढतच राहिलं." दोघांनीही मोबाइल काढून आलेख दाखवले. दोन्ही आलेख खरे होते, पण त्या दोघांना जे सिद्ध करायचं होतं, ते त्यातल्या एकाही आलेखावरून सिद्ध होत नव्हतं.

अर्थशास्त्राकडे अंदाजपंचे दाहोदरसे म्हणून बघणाऱ्यांना हा वाद ऐकून आनंदच होईल. मला मात्र वाटतं की या भांडणाच्या मुळाशी विज्ञानातला एक फार सुंदर प्रश्न आहे, आणि त्याला दिलेलं एक तितकंच सुंदर उत्तरही आहे.

आधी थोडी उजळणी. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झालं. ५१.९ टक्के मतदारांनी युरोपियन युनियन सोडण्याच्या बाजूने कौल दिला. प्रत्यक्षात ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडला आणि व्यापाराचे नवे नियम लागू झाले १ जानेवारी २०२१ पासून. सार्वमताच्या आधी दोन्ही बाजूंनी आकड्यांचा पाऊस पाडला. बाहेर पडू इच्छिणाऱ्यांच्या लाल बसवर लिहिलं होतं की ब्रिटन युरोपला दर आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो. या आकड्यातून ब्रिटनला मिळणारी सवलत वजाच केलेली नव्हती, आणि तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने तो दिशाभूल करणारा असल्याचं सांगितलं. दुसरीकडे ब्रिटिश अर्थखात्याने मे २०१६ मध्ये इशारा दिला होता की नुसता कौल लागला तरी मंदी येईल आणि सुमारे पाच लाख नोकऱ्या जातील. तेही झालं नाही. पौंड ३१ वर्षांतल्या नीचांकाला गेला, बँक ऑफ इंग्लंडने ऑगस्टमध्ये व्याजदर पाव टक्क्यावर आणला, पण मंदी आली नाही. २०१८ संपता संपता बेरोजगारी ४ टक्क्यांपर्यंत खाली आली होती.

म्हणजे प्राध्यापकांचं बरोबर? नाही. अंदाज चुकला एवढंच त्यातून कळतं. नुकसान झालं की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. उत्पन्न वाढत राहिलं हे खरं, पण बाहेर पडला नसता तर ते किती वाढलं असतं? आणि निर्यातदार जे नुकसान दाखवत होते, त्यात कोरोना किती, २०२२ ची इंधनाची भाववाढ किती आणि ब्रेक्झिट किती?

तुलना करायला हवी ती "आधीचा ब्रिटन" आणि "नंतरचा ब्रिटन" यांची नव्हे. बाहेर पडलेला ब्रिटन आणि बाहेर न पडलेला ब्रिटन, यांची. यातला दुसरा ब्रिटन कधी अस्तित्वातच आला नाही. ब्रेक्झिटच्या आर्थिक परिणामांवरचा वाद खोलात जाऊन पाहिला तर मुख्यतः याच अदृश्य देशाबद्दलचा आहे.

आता निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या कुठल्याही जाणत्या बागायतदाराला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. नवं टॉनिक बाजारात आलं की तो अख्ख्या प्लॉटवर मारत नाही. दोन ओळी तशाच सोडतो. माती तीच, पाणी तेच, छाटणीची तारीख तीच, थंडीही तीच. मग मण्याच्या फुगवणीत जो फरक दिसेल तो टॉनिकचा. पण समजा त्याने उत्साहात सगळ्याच बागेवर फवारणी केली, तर? सोडलेली ओळच उरली नाही. शेजाऱ्याची बाग बघावी, तर तिची माती वेगळी. दिंडोरीतल्या पाहुण्यांची बघावी, तर तिथली थंडी वेगळी. एकही बाग पुरती आपल्यासारखी नाही.

ब्रिटनचं नेमकं हेच झालं. सगळ्या बागेवर फवारणी झाली, कोरी ओळ राहिली नाही.

आल्बेर्तो अबादी आणि हाविएर गार्देआझाबाल या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये यावर जी वाट काढली, ती माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतल्या सामाजिक शास्त्रांच्या संशोधनातली सर्वांत देखणी कल्पना आहे. त्यांना स्पेनमधल्या बास्क प्रांतातल्या दहशतवादाची आर्थिक किंमत काढायची होती. बास्कसारखा पण शांत असलेला दुसरा प्रांत नव्हता. मग त्यांनी तो बनवला. कॅटलोनियाचे सुमारे ८५ टक्के आणि माद्रिदचे सुमारे १५ टक्के असं मिश्रण केलं, तर दहशतवाद पेटण्याआधीच्या बास्क प्रांताशी ते छान जुळत होतं. हिंसाचार वाढल्यावर खरा बास्क या मिश्रणाच्या मागे पडत गेला. दरडोई उत्पन्नातली दरी सुमारे १० टक्क्यांची निघाली. एकही बाग आपल्यासारखी नसेल, तर अनेक बागा योग्य प्रमाणात मिसळून आपल्यासारखी बाग तयार करायची, ही ती युक्ती.

प्रमाण कोण ठरवतं? संशोधक नव्हे, आणि इथेच या पद्धतीची खरी ताकद आहे. घटनेच्या आधीची माहिती ते ठरवते. प्रत्येक देशाला शून्य ते एक यांमधलं एक वजन द्यायचं आणि सगळ्या वजनांची बेरीज एक ठेवायची. मग संगणकाला सांगायचं: अशी वजनं शोध की घटनेच्या आधीच्या वर्षांत मिश्रण आणि खरा देश यांच्यातल्या फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल. वजन ऋण चालणार नाही आणि बेरीज एकच हवी, या दोन अटी साध्या वाटतात, पण त्या काढून टाकल्या तर गणित "वजा अर्धा जपान अधिक दीड ऑस्ट्रिया" असली उत्तरं देऊ लागतं. आधीच्या काळाशी ती हुबेहूब जुळतात आणि पुढच्या काळात कुठेही भरकटतात. अटी ठेवल्या की मिश्रण नेहमी खऱ्या देशांच्या मधेच कुठेतरी राहतं. शिवाय बहुतेक देशांचं वजन आपोआप शून्य होतं, त्यामुळे उरलेली चार-पाच नावं वाचून कोणीही म्हणू शकतो, हे मला पटतं किंवा हे मला पटत नाही.

याचं एक गाजलेलं उदाहरण संघ सोडण्याचं नाही, एक होण्याचं आहे. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एकत्र आले. पश्चिम जर्मनीला हे किती महागात पडलं? अबादी, डायमंड आणि हाइनम्युलर यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात १६ देशांच्या यादीतून पर्यायी पश्चिम जर्मनी तयार केला. त्यात ऑस्ट्रिया ४२ टक्के, अमेरिका २२, जपान १६, स्वित्झर्लंड ११ आणि नेदरलँड्स ९ टक्के. १९९० पर्यंत दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या. पुढे खरा पश्चिम जर्मनी मागे पडत गेला आणि २००३ मध्ये काल्पनिक जर्मनीचं दरडोई उत्पन्न खऱ्यापेक्षा सुमारे १२ टक्के जास्त होतं.

पण हा योगायोग नाही कशावरून? यासाठी केलेली तपासणी मला मूळ युक्तीइतकीच आवडते. एकीकरण १९७५ मध्ये झालं असं खोटंच धरून चालायचं आणि तेव्हापासून दरी दिसते का ते पाहायचं. दिसली नाही. मग यादीतल्या प्रत्येक देशाला पाळीपाळीने "तूच एकत्र झालास" असं म्हणायचं आणि त्याचंही मिश्रण बनवायचं. घटनेनंतरची दरी भागिले घटनेआधी मिश्रण आणि खरा देश यांच्यात उरलेला फरक, हे गुणोत्तर सतरा देशांसाठी काढलं, तर पश्चिम जर्मनीचं सर्वांत मोठं निघालं. निव्वळ योगायोगाने तसं होण्याची शक्यता सतरात एक, म्हणजे सुमारे ६ टक्के. शेवटी मिश्रणातला एकेक देश काढून टाकून पुन्हा गणित करायचं. एखाद्याच देशावर सगळा निष्कर्ष टांगलेला असेल तर तो लगेच उघडा पडतो.

हीच तपासणी आपल्याकडे किती ठिकाणी व्हायला हवी! वरुणयज्ञ केला आणि पाऊस आला, अशी बातमी दर काही वर्षांनी येते. ज्या तालुक्यांत यज्ञ झाला नाही तिथे त्याच आठवड्यात किती पाऊस पडला, हे कोणी छापत नाही. आणि हे फक्त यज्ञाबद्दल नाही. गारपीट रोखणाऱ्या तोफा फळबागायतदारांना विकल्या जातात. जागतिक हवामान संघटनेने त्यांना कोणताही वैज्ञानिक आधार नसल्याचं स्पष्ट म्हटलं आहे. तरी तोफ वाजवली आणि गारा पडल्या नाहीत, एवढ्यावर लाखो रुपये खर्च होतात. गारा तर बहुतेक दिवशी तोफेविनाही पडत नाहीत.

आता ब्रिटनकडे. सेंटर फॉर युरोपियन रिफॉर्म या संस्थेच्या जॉन स्प्रिंगफर्ड यांनी अमेरिका, जर्मनी, न्यूझीलंड, नॉर्वे, ऑस्ट्रेलिया अशा देशांतून पर्यायी ब्रिटन तयार केला. २०२२ च्या दुसऱ्या तिमाहीत खरा ब्रिटन त्याच्यापेक्षा ५.५ टक्क्यांनी मागे होता. त्याआधी बोर्न, म्युलर, शुलारिक आणि सेडलाचेक यांनी याच पद्धतीने २०१८ अखेरचं नुकसान १.७ ते २.५ टक्के काढलं होतं. तेव्हा तर ब्रिटन अजून बाहेरही पडला नव्हता. कंपन्यांनी पुढची अनिश्चितता पाहून गुंतवणूक आखडली, त्याचा हा परिणाम.

टीकाकार गप्प बसले नाहीत, आणि त्यांच्या काही हरकती वजनदार आहेत. अमेरिकेने कोरोनाकाळात प्रचंड सरकारी खर्च केला. असा देश मिश्रणात असला की काल्पनिक ब्रिटन उगाच फुगतो आणि ब्रेक्झिटचं नुकसान जास्त दिसतं. जर्मनीला २०२२ नंतर रशियन गॅस बंद झाल्याचा फटका बसला. तो मिश्रणात असला की उलटं, नुकसान कमी दिसतं. आयर्लंडचं तर सांगायलाच नको. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी मालमत्ता तिथे दाखवली म्हणून २०१५ मध्ये त्या देशाचं उत्पन्न एका वर्षात सुमारे २५ टक्क्यांनी "वाढलं". शिवाय ब्रेक्झिटचा धक्का त्यालाही बसला, म्हणजे ती ओळ कोरी नाहीच, वाऱ्याने उडालेला फवारा तिच्यावरही पडलेला.

मोजमापही स्थिर नसतं. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये जुने आकडे सुधारले. २०२१ च्या अखेरीस अर्थव्यवस्था कोरोनापूर्व पातळीच्या १.२ टक्के खाली होती असं आधी सांगितलं होतं, ती ०.६ टक्के वर निघाली. ज्या वादात चार-पाच टक्क्यांवर लढाई चालू आहे, तिथे १.८ टक्के म्हणजे थोडं नव्हे.

सर्वांत जास्त उद्धृत होणारा ४ टक्क्यांचा आकडा तर वेगळ्याच जातीचा आहे. ब्रिटनच्या अर्थसंकल्पीय जबाबदारी कार्यालयाचं अनुमान असं की दीर्घकाळात उत्पादकता ४ टक्क्यांनी आणि आयात-निर्यात सुमारे १५ टक्क्यांनी कमी राहील. यातला ४ टक्क्यांचा आकडा ही १३ वेगवेगळ्या अभ्यासांच्या अंदाजांची सरासरी आहे. त्याला मोजलेलं नुकसान म्हणणं चूक आहे, आणि दोन्ही बाजूंचे लोक ती सर्रास करतात. ब्रेक्झिटचे समर्थक असलेले अर्थशास्त्रज्ञ पॅट्रिक मिनफर्ड यांचं गणित तर म्हणत होतं की सगळी आयात शुल्कं काढून टाकली तर ब्रिटनला उलट सुमारे ४ टक्के फायदा होईल. त्यांच्या गणितात अंतराला फारशी किंमत नव्हती. पण अर्थशास्त्रज्ञ यान टिनबर्गेन यांनी १९६२ मध्ये मांडलं तेव्हापासून वारंवार दिसलं आहे की दोन देशांतला व्यापार त्यांच्या आकाराबरोबर वाढतो आणि अंतराबरोबर घटतो. फ्रान्सचं कॅले बंदर ब्रिटनच्या डोव्हरसमोरून हलणार नाही.

२०२५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी जे केलं, ते मला या वादातलं सर्वांत भक्कम पाऊल वाटतं. देशादेशांची तुलना केलीच, आणि तिथून नुकसान ६ ते ८ टक्के निघालं. पण त्याशिवाय त्यांनी ब्रिटनमधल्याच कंपन्यांचीही आपसांत तुलना केली. ज्यांचा युरोपशी जास्त संबंध होता त्या एका बाजूला, ज्यांचा कमी होता त्या दुसऱ्या. ही एकाच बागेतल्या ओळींची तुलना आहे, त्यामुळे अमेरिकेच्या खर्चाचा प्रश्नच उरत नाही. तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. पौंड घसरल्याने महागाई वाढली, तिचा भार सगळ्यांवर पडला. जो परिणाम सर्व ओळींवर सारखा होतो, तो ओळींच्या तुलनेत दिसतच नाही.

या सगळ्यावरून माझं मत असं: नुकसान झालं, याबद्दल शंका घ्यायला आता फारशी जागा नाही. ते ३ टक्के की ८ टक्के, याबद्दल मात्र भरपूर जागा आहे, आणि जो कोणी दशांशासह एकच आकडा छातीठोकपणे सांगेल, त्याला त्याच्या मिश्रणातल्या देशांची नावं विचारावीत.

नाशिकला ही पद्धत लवकरच घरच्या कामाला वापरता येईल. भारत आणि ब्रिटन यांनी २४ जुलै २०२५ रोजी मुक्त व्यापार करारावर सह्या केल्या. भारताच्या सुमारे ९९ टक्के मालप्रकारांवरचं ब्रिटनमधलं आयात शुल्क त्यात काढलं जाणार आहे. ब्रिटिश सरकारच्याच अंदाजाने या कराराचा ब्रिटनला दीर्घकालीन फायदा उत्पन्नाच्या ०.१३ टक्के आहे. "युरोप सोडला तर जगाशी करार करता येतील" या युक्तिवादाला हा आकडा ४ टक्क्यांच्या शेजारी ठेवून पाहावा. आपल्या बाजूने मात्र प्रश्न द्राक्षांचा आहे. करार लागू झाल्यावर एखाद्या हंगामात ब्रिटनला कंटेनर जास्त गेले, की श्रेय घ्यायला रांग लागेल. आणि अवकाळीने माल कमी निघाला, तर करार फसला म्हणून ओरड होईल. त्याऐवजी नेदरलँड्स आणि जर्मनीला जाणारी आपलीच द्राक्षं मिश्रणात घ्यावीत. अवकाळी, डावणी रोग, मजुरी, तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे आफ्रिकेला घातलेला वळसा, हे सगळं दोन्हीकडे सारखंच लागू होतं आणि वजाबाकीत निघून जातं. अडचण एकच येईल: नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला जाणारा कंटेनरच शुल्क वाचवायला ब्रिटनकडे वळला, तर तुलनेची ओळ कोरी राहणार नाही. म्हणून दुबई आणि आखाताचे आकडेही सोबत लागतील, आणि करार लागू होण्याआधीच्या निदान दहा हंगामांची देशवार नोंद आत्ताच एकत्र करून ठेवावी लागेल.