4.9 ते 10.44: दिव्यातला पारा आयन कसा होतो

1914 साली जेम्स फ्रांक आणि गुस्टाव्ह हर्ट्झ यांना पाऱ्याच्या वाफेत 4.9 व्होल्टला इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावताना दिसले. हीच पाऱ्याची आयनीभवन-ऊर्जा (अणूतून इलेक्ट्रॉन तोडून त्याचा आयन करायला लागणारी ऊर्जा), असा त्यांचा समज झाला. खरे तर अणू नुसता उत्तेजित होऊन, म्हणजे वरच्या ऊर्जापातळीवर जाऊन, 253.7 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडत होता. तो धातूच्या पट्टीवर पडला की तिथून इलेक्ट्रॉन सुटत आणि हा प्रवाह आयनांचा वाटे. डेव्हिस आणि गाउचर यांनी 1917 मध्ये दोन्ही प्रवाह वेगळे काढले. आयनीभवनाला 10.44 इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात (एक इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे एक व्होल्ट ओलांडताना इलेक्ट्रॉनाला मिळणारी ऊर्जा).

मग पाऱ्याची वाफ असलेली ट्यूबलाइट पेटती राहते कशी? तिच्यात इलेक्ट्रॉनांचे तापमान ऊर्जेच्या हिशेबात जेमतेम 1 इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. एका टकरीत 10.44 देण्याचा घातांकी गुणक, म्हणजे त्या शक्यतेचा ढोबळ अंदाज, लाखात तीन. पण अणू आधीच 5.46 च्या पातळीवर असेल तर उरलेल्या 4.98 साठी तोच गुणक हजारात सात, म्हणजे सुमारे 235 पट. उत्तेजित अणू थोडे असूनही पारडे या दुसऱ्या वाटेकडे झुकते ते यामुळे.

हे अणू टिकतात कसे, हा खरा कळीचा प्रश्न. 4.67 आणि 5.46 या पातळ्या मितस्थायी आहेत, म्हणजे तिथला अणू सहजी प्रकाश सोडून खाली येत नाही. मधली 4.89 ची प्रकाश सोडते, पण शेजारचा अणू तो लगेच गिळतो. या कोंडलेल्या प्रकाशाचे गणित होल्स्टाइन यांनी 1947 मध्ये मांडले. केंटी यांनी 1950 मध्ये आर्गॉन-पारा दिव्यातल्या मितस्थायी अणूंची भूमिका तपासली. 1978 मध्ये फ्रीन्स, काइझर आणि लिख्टहार्ट यांनी दोन उत्तेजित अणूंच्या आपसातल्या टकरीही हिशेबात धरल्या. 5.46 चे दोन अणू भिडले तर बेरीज 10.92 होते, इलेक्ट्रॉनाची गरजच उरत नाही.

सोडियमची गंमत वेगळी. उत्तेजित अणूकडे 2.10, दोघांचे मिळून 4.20, आयनीभवनाला हवेत 5.14. तरीही आयन बनतो, कारण दोन्ही अणू जोडून राहतात आणि त्या बंधाची ऊर्जा तूट भरून काढते.

सोडियमचा दिवा सुरू करताना मात्र काम पेनिंगच्या मिश्रणाचे: निऑनमध्ये सुमारे 1 टक्का आर्गॉन. निऑनच्या मितस्थायी अणूकडचे 16.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट आर्गॉनच्या 15.76 ला पुरतात. कमी दाबाच्या सोडियम दिव्यात काच हळूहळू हाच आर्गॉन शोषून घेते, सुरुवातीचा व्होल्टेज चढत जातो आणि शेवटी सोडियम शाबूत असूनही दिवा पेटत नाही.