पायाखालची वाळू फुगते तेव्हा

सुट्ट्या लागल्या की कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर पर्यटकांची गाडी वाळूत रुतल्याची बातमी येते. आत नेली तेव्हा वाळू सडकेसारखी घट्ट होती, असे गाडीचा मालक सांगतो, आणि तो खरेच सांगत असतो. तीच वाळू तासाभरात चाक गिळण्याइतकी मऊ कशी होते, याचे उत्तर किनाऱ्यावर खेळणाऱ्या प्रत्येक पोराच्या पायाखाली असते.

ओहोटी लागलेली असताना लाट मागे सरते आणि आरशासारखी चकाकणारी सपाट ओली वाळू उरते. तिच्यावर अनवाणी पाय टेकवा आणि पावलाकडे नीट बघा. पावलाभोवती चार बोटे रुंदीचे फिकट, कोरडे कडे उमटते. दोन-तीन सेकंदांत ते पुन्हा ओले होते. आता पाय उचला. पावलाचा ठसा पाण्याने डबडबलेला दिसतो.

बहुतेक जण याचे कारण असे सांगतात: आपल्या वजनाने वाळू दबते आणि स्पंजसारखे तिच्यातले पाणी बाजूला पळते. हे बरोबर नाही. पाणी दाबून बाहेर निघाले असते तर पावलाभोवतीची वाळू अधिक ओली व्हायला हवी होती. ती कोरडी होते, म्हणजे पाणी बाहेर पडत नाही, आत जाते. आणि आत जायचे तर आत जागा झाली पाहिजे. पाय दिल्यावर वाळू आकसत नाही, फुगते! मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी 1885 साली हे दाखवून दिले आणि या गुणधर्माला 'डायलेटन्सी' असे नाव दिले. आपण त्याला सरळ 'फुगणे' म्हणू.

दाबल्यावर एखादी वस्तू फुगते हे ऐकायला विचित्र वाटते. फळवाल्याच्या गाडीवरची मोसंब्यांची रास डोळ्यांसमोर आणा. खालच्या थरातल्या चार मोसंब्यांच्या मधे खळगी असते आणि वरचे मोसंबे त्या खळगीत बसलेले असते. हीच सगळ्यात घट्ट रचना. सारख्या आकाराचे गोळे असे रचले तर 74 टक्के जागा गोळ्यांनी भरते आणि 26 टक्के फट उरते. मोसंब्यावर बरोब्बर मोसंबे ठेवत गेलात तर फक्त 52 टक्के जागा भरते.

आता वरचा थर आडवा सरकवायचा प्रयत्न करा. खळगीतले मोसंबे शेजारच्या खळगीत जायचे तर दोन मोसंब्यांमधली खिंड चढून पलीकडे उतरावे लागते, दुसरी वाटच नाही. 8 सेंटिमीटर व्यासाचे मोसंबे असेल तर खळगीत बसलेले असताना त्याचे केंद्र खालच्या थराच्या केंद्रांपासून साधारण 5.7 सेंटिमीटर वर असते, खिंडीत आले की 6.9 सेंटिमीटरवर जाते. म्हणजे सरकताना थर सव्वा सेंटिमीटरने उचलला गेला. फळे तेवढीच राहिली, रास मात्र उंच झाली, आणि वाढलेली सगळी जागा फटींची.

वाळूचे कण एकसारखे नसतात आणि इतके शिस्तीत रचलेलेही नसतात. गोळे नुसते ओतून हलवून बसवले तर सुमारे 64 टक्के जागा भरते. पण तत्त्व तेच. जुन्या काळी धान्य पायलीने मोजत तेव्हा माप हलवून, ठोकून भरले की जास्त दाणे मावायचे. लाटा किनाऱ्यावरच्या वाळूचे माप असेच दिवसातून हजारो वेळा हलवत असतात, म्हणून भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली वाळू अगदी ठासून बसलेली असते. इतकी ठासून, की तिला आता आणखी बसता येत नाही. पाय पडला की पावलाच्या कडेचे कण एकमेकांवरून घसरू लागतात, घसरण्यासाठी चढावे लागते, चढले की फटी मोठ्या होतात. वरचे पाणी त्या फटींत खेचले जाते.

किती पाणी? समजा 10 सेंटिमीटर जाडीचा थर जेमतेम 1 टक्का फुगला. पाण्याची पातळी निदान 1 मिलिमीटरने खाली जाईल. बारीक वाळूचा कण 0.2 मिलिमीटरचा धरला तर वरचे निदान पाच कण उघडे पडले. डोळ्याला फरक दिसायला तेवढे पुरते, कारण कोरडी वाळू फिकट आणि ओली वाळू गडद दिसते. प्रकाश हवेतून कणात शिरताना जितका वळतो तितका पाण्यातून कणात शिरताना वळत नाही. (प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा म्हणजे अपवर्तनांक; दोन पदार्थांच्या आकड्यांत जितका फरक, तितका प्रकाश जास्त वळतो. हवेचा 1, पाण्याचा 1.33, वाळूतल्या गारगोटीच्या कणांचा 1.54.) कोरड्या वाळूत प्रकाश लगेच विखरून माघारी येतो. ओल्या वाळूत तो खोलवर जातो आणि बराचसा तिथेच शोषला जातो.

पाय उचलला की ताण सुटतो, कण पुन्हा खाली बसतात, फटी लहान होतात. दरम्यान आजूबाजूचे पाणी तिथे झिरपून आलेलेच असते. त्याला आता जागा उरत नाही, ते वर येते आणि ठसा डबडबतो.

घट्टपणाचे रहस्यही यातच आहे. फटी अचानक मोठ्या झाल्या, पण इतक्या बारीक वाटांतून पाणी लगेच पोचू शकत नाही. त्यामुळे आतल्या पाण्याचा दाब घटतो आणि ते कणांना एकमेकांकडे खेचून धरते. दापोलीजवळच्या मुरूड-कर्द्यासारख्या सपाट, बारीक वाळूच्या किनाऱ्यावर चालती गाडी म्हणूनच जड वाटत नाही: पाणी पोचायच्या आत चाक पुढे गेलेले असते. गाडी उभी केली की पाण्याला वेळ मिळतो, ओढ संपते आणि चाक बसू लागते. घाबरून ॲक्सिलरेटर दिला की चाक जागीच फिरते, वाळू उकरते, आणि हादऱ्यांनी सैल झालेले कण पाण्यात तरंगू लागतात. लहान मुले ओल्या वाळूत पाय हलवत हलवत घोट्यापर्यंत रुतवून घेतात, तेच इथे दीड टनाच्या गाडीचे होते. 2001 च्या भुज भूकंपात कच्छच्या रणात जमीन अशीच पातळ झाली होती.

रुतलीच तर चाके फिरवू नका. टायरमधली हवा 15 ते 18 पीएसआयपर्यंत उतरवा, म्हणजे टायर पसरून भार जास्त जागेवर वाटला जातो. चाकापुढची वाळू हाताने काढा आणि हळू बाहेर घ्या. डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरा. खरे तर गाडी किनाऱ्यावर नेऊच नये. वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी त्याच वाळूखाली असतात.

माणूस डोक्यापर्यंत वाळूत गडप होतो, हे सिनेमातले दृश्य खोटे आहे. पातळ झालेल्या वाळूची घनता पाण्याच्या साधारण दुप्पट असते, माणसाची पाण्याइतकी. त्यामुळे आपण कंबरेच्या आसपास तरंगू लागतो. पण खाडीच्या मुखाशी रुतलेला पाय सरळ वर ओढू नका. पायाखाली पोकळी होते आणि बसलेली वाळू सोडत नाही. मागे रेलून पाय छोट्या छोट्या हालचालींनी हलवत राहा, म्हणजे भोवती पाणी शिरते आणि तो सुटतो. धोका असतो तो भरतीचा. अमावास्या-पौर्णिमेचा समुद्र बळी मागतो म्हणतात, पण त्या दिवशी सूर्य-चंद्र एका रेषेत येऊन पाणी जास्त चढते, जास्त उतरते आणि प्रवाह जोरात असतात, एवढेच. कोकणातला हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. पावलाभोवतीचे कडे बघायचे तर भरतीनंतर तीन-चार तासांनी जा.

घरी बघायचे असेल तर एक पातळ प्लॅस्टिकची बाटली घ्या. आधी निम्मे पाणी भरा, मग धुतलेली बारीक वाळू हळूहळू सोडा, म्हणजे हवा अडकत नाही. वाळू मानेच्या खाली येईपर्यंत बाटली टेबलावर आपटत राहा. झाकणाला भोक पाडून पारदर्शक स्ट्रॉ बसवा, कडा मेणाने बंद करा, स्ट्रॉमध्ये रंगीत पाणी ठेवा आणि बाटली दाबा. पाणी खाली उतरते. नुसत्या पाण्याच्या बाटलीत ते वर चढते. वाळू असूनही चढले तर एक तर बाटली नीट आपटली नाही, किंवा आत बुडबुडे राहिलेत, किंवा वाळूत माती आहे.