जाड ऑइलचा आग्रह आला कुठून?

ठाण्यात वागळे इस्टेटच्या कुठल्याही गॅरेजात गाडी लावा, एक सल्ला हमखास मिळतो : "आपल्याकडे उकाडा, त्यात घोडबंदरचं ट्रॅफिक. जाड ऑइलच टाका, साहेब." सांगणारा फसवत नसतो. त्याच्या उस्तादाच्या काळात ते खरंच होतं.

ऑइलच्या घट्टपणाला नंबर द्यायची पद्धत अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने १९११ मध्ये आणली. तेव्हाची ऑइलं एकाच ग्रेडची. थंडीत घट्ट होणारं ऑइल गाडी सुरू होऊ देत नसे आणि पातळ घातलं तर तापल्यावर पाण्यासारखं व्हायचं, म्हणून ऋतूप्रमाणे ऑइल बदलावं लागे. १९५० च्या दशकात मल्टिग्रेड ऑइलं रुळली. त्यांत घातलेले पॉलिमर गार असताना गुंडाळलेले राहतात आणि तापल्यावर उलगडतात, म्हणून तापलेलं ऑइलही फार पातळ होत नाही. '२०डब्ल्यू-४०' मधला डब्ल्यू विंटरचा. त्याआधीचा आकडा गार ऑइलचा, नंतरचा १०० अंशांच्या आसपासच्या ऑइलचा. आकडा मोठा तितकं ऑइल जाड.

कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी अशा जाड ऑइलांवर चालली. आमच्या काकांची पद्मिनी होती. इंजिन जुनं झाल्यावर पिस्टनच्या रिंगा झिजून ऑइल जळायचं, धूर यायचा. मग आणखी जाड ऑइल घातलं की महिना-दोन महिने निभायचे. हा उपाय तेव्हा अनेक घरांनी केला, आणि तोच सल्ला पुढच्या पिढीकडे आला.

गाड्या मात्र बदलल्या. आजच्या इंजिनात बेअरिंगमधल्या फटी बारीक असतात. झडपा उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा तर ऑइलच्या दाबावरच चालते, आणि तिच्या वाटा अरुंद. म्हणून कित्येक छोट्या पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत '०डब्ल्यू-२०' किंवा त्याहून पातळ ग्रेड छापलेली असते. ठाण्यात बर्फ पडत नाही हे खरं. पण सकाळच्या २५ अंशांनाही ऑइल तापलेल्या ऑइलच्या कितीतरी पट घट्ट असतं, आणि स्टार्टरची किल्ली फिरवल्यावरच्या पहिल्या काही क्षणांत ते इंजिनात वरपर्यंत पोचायला हवं असतं.

डब्यावरची दुसरी खूण एपीआयची, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची. १९४७ मध्ये या अमेरिकन संस्थेने दर्जाची वर्गवारी सुरू केली. आज पेट्रोल गाड्यांसाठी एस पासून सुरू होणारी अक्षरं दिसतात, एसएन, एसपी अशी. एसपी २०२० मध्ये आली. नवा दर्जा साधारणपणे जुन्या गाडीत चालतो. उलट मात्र करू नये.

खरी बचत मला इथे दिसते. महागडं ऑइल किंवा इंजिन आतून धुणारं फ्लश घेण्याची गरज नाही, आणि ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरायचंही कारण नाही. ऑइल मोजायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, पुसून पुन्हा बुडवली आणि काळा थेंब दिसला, तर ऑइलमधल्या डिटर्जंटने मळ धरून ठेवलाय, एवढाच त्याचा अर्थ. पुस्तिकेतली ग्रेड आणि दर्जा बघून सीलबंद डबा स्वतः न्यावा. ऑइल फिल्टर दर वेळी बदलावा आणि जुनं ऑइल काढायच्या बुचाची, म्हणजे ड्रेन प्लगची, तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची वॉशर नवी मागून घ्यावी. दहा-वीस रुपयांच्या त्या चकतीवर कंजुषी केली की खाली ठिपके पडतात.

मात्र एक गोष्ट आपल्या ठाण्याला लागू होते. माजिवड्याच्या सिग्नलला इंजिन चालूच असतं, किलोमीटर मात्र वाढत नाहीत. त्यामुळे वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरच धावणाऱ्या गाडीनेही पुस्तिकेतली वर्षाची मुदत पाळावी. निघालेलं जुनं ऑइल गटारात ओतू देऊ नका. ते ठाणे खाडीत जातं, आणि २०२२ पासून रामसर यादीत असलेलं फ्लेमिंगो अभयारण्य तिथेच आहे.