वेब ऑफिसातली फाईल कॉम्प्युटरवर उतरवणे

गूगल डॉक्स, शीट्स, मायक्रोसॉफ्टचं ब्राउझरमधलं वर्ड-एक्सेल, झोहो रायटर असल्या ऑनलाइन ऑफिसात केलेलं काम आपल्या हार्डडिस्कवर किंवा पेनड्राईव्हवर वेगळी फाईल म्हणून घेणं. गूगलचं डॉक्स-स्प्रेडशीट २००६ पासून आहे, फायली ठेवायची त्यांची ऑनलाइन जागा म्हणजे ड्राइव्ह २०१२ ला आलं, आणि आता कोल्हापुरात उद्यमनगरातल्या फाउंड्रीच्या कोटेशनपासून तालमीच्या वर्गणीच्या यादीपर्यंत सगळं त्यातच असतं.

गोंधळ सुरू होतो तो सेव्हच्या बटणापासून, कारण डॉक्समध्ये ते बटणच नाही. टाईप केलेलं आपोआप कंपनीच्या सर्व्हरवर जातं आणि माणसाला वाटतं फाईल आपल्याकडं आहे. ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप हा गूगलचा प्रोग्राम कॉम्प्युटरवर टाकला की फोल्डरमध्ये फायली दिसायला पण लागतात, पण नावाच्या शेवटी जीडॉक किंवा जीशीट असं एक्स्टेन्शन असलेली फाईल म्हणजे नुसती लिंक, आत मजकूर काही नाही. ती पेनड्राईव्हवर घालून राजारामपुरीतल्या झेरॉक्सवाल्याला दिली तर तो काय छापणार? नेट नसताना काम करायच्या ऑफलाइन मोडचं पण तसंच, मजकूर ब्राउझरच्या पोटात राहतो, उचलून कुणाला देता येईल अशी फाईल तयार होत नाही.

उतरवायचं सोपं आहे. डॉक्समध्ये फाईल मेनू, त्यात डाउनलोड, मग फॉरमॅट निवडायचा. मोबाईलवर तीन टिंबं, शेअर अँड एक्स्पोर्ट, सेव्ह ॲज. मायक्रोसॉफ्टच्या वेब वर्डमध्ये फाईल मेनूतच डाउनलोड अ कॉपी शोधायचं. फाईल बहुतेक वेळा डाउनलोड्स फोल्डरात पडते, आणि तीच परत उतरवली की नावापुढं कंसात १, २ असं लागत जातं, मग शेवटची कुठली हे कुणालाच कळत नाही. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रत्येक वेळी जागा विचारायचं चालू केलं की हा ताप बराच कमी होतो.

खरी गोम फॉरमॅटमध्ये आहे. छापायला द्यायचं असेल तर पीडीएफच, कारण त्यात फॉन्ट आत बसून जातो. डॉकएक्स म्हणजे वर्डची फाईल घेतली आणि समोरच्या कॉम्प्युटरवर ‘मुक्त’ किंवा ‘बालू’ नावाचा फॉन्ट नसला की दुसरा फॉन्ट बसतो, ओळी सरकतात, दोन पानांचं पत्र तिसऱ्या पानावर जातं. शीट एक्सएलएसएक्समध्ये म्हणजे एक्सेलच्या फॉरमॅटमध्ये घेतली तर साधे फॉर्म्युले जिवंत राहतात, पण इम्पोर्टरेंज (दुसऱ्या शीटमधला डेटा आणणारा) किंवा गूगलफायनान्स (शेअरचे भाव आणणारा) यांसारखे गूगलचेच फॉर्म्युले एक्सेलमध्ये चालत नाहीत, डाउनलोड करतानाचा आकडा तेवढा गोठून राहतो. म्हणजे कोटेशनमधला भाव दुसऱ्या शीटवरून येत असेल तर उतरवलेल्या कॉपीत तो जुनाच दिसणार, आणि बघणाऱ्याला त्याचा पत्ता पण लागणार नाही.

सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविराम घालून वेगळा केलेला नुसता मजकूर, तर लई फसवी. एकाच टॅबचा डेटा येतो, बाकीचे टॅब मागं राहतात. वर एक्सेलमध्ये ती डबल क्लिक करून उघडली की मराठी नावांच्या जागी चित्रविचित्र अक्षरं दिसू शकतात. फाईल खराब झालेली नसते, एक्सेल ती यूटीएफ-८ (मराठीसकट सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) म्हणून वाचत नसतो एवढंच, म्हणून डेटा मेनूतून फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही घेऊन तिथं यूटीएफ-८ निवडायचं. पतसंस्थेची यादी असेल तर खाते नंबरचा कॉलम तिथंच टेक्स्ट करून घ्यावा, नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात आणि १५ आकड्यांच्या पुढचे आकडे शून्य होऊन बसतात.

उतरवलेली कॉपी आणि ऑनलाइनची मूळ फाईल यांचा त्यानंतर काही संबंध राहत नाही, इकडं केलेला बदल तिकडं जात नाही, म्हणून नावात तारीख घालायची सवय बरी. आणि कॉपी एकाच कॉम्प्युटरवर ठेवून पण भागत नाही. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं होतं, शाहूपुरीत तळमजल्यावर ऑफिस असेल तर पीसीतली कॉपी पीसीबरोबरच जाणार. ऑनलाइन एक, पेनड्राईव्हवर किंवा वरच्या मजल्यावरच्या हार्डडिस्कवर एक, असं असावं.

सगळंच एकदम काढायचं असेल तर गूगल टेकआउट आहे, २०११ पासून. ते अख्खं ड्राइव्ह झिप करून देतं आणि डॉक्स आपोआप डॉकएक्स, शीट्स एक्सएलएसएक्समध्ये बदलून येतात. वर्षानुवर्षं न उघडलेल्या अकाउंटसाठी हे करायलाच पाहिजे, कारण २ वर्षं वापर नसलेलं पर्सनल अकाउंट गूगल डिलीट करू शकतं. दुसऱ्यानं शेअर केलेल्या फाईलला मात्र मालकानं डाउनलोड बंद ठेवलं असेल तर नुसतं बघणाऱ्याला ती उतरवता येत नाही, मालकाकडंच मागावी लागते. कंपनीच्या किंवा कॉलेजच्या अकाउंटवर ॲडमिन टेकआउटच बंद ठेवू शकतो, तेव्हा आपलं स्वतःचं काही त्यात असेल तर अकाउंट चालू आहे तोवरच काढून घ्यावं.