रुस्तहोल्लारी

रुस्तहोल्लारी : स्वीडिश अमलातील फिनलंडमध्ये राजाच्या घोडदळासाठी एक स्वार उभा करण्याचे दायित्व पत्करून त्या बदल्यात शेतसाऱ्यात सूट मिळवणारा जमीनधारक. त्याच्या वाडीला ‘रुस्तहोल्ली’ म्हणत.

शब्द स्वीडिश ‘रुस्तहोल्लारे’वरून आला. त्यातला ‘रुस्ता’ म्हणजे सज्ज करणे, लढाईचा सरंजाम देणे. हे क्रियापद स्वीडिशने मध्ययुगात निम्न जर्मनकडून घेतले. चिलखताचा जर्मन शब्द ‘र्‍युस्टुंग’ याच कुळातला. ‘होल्ला’ म्हणजे धरणे, बाळगणे. ‘-आरे’ हा कर्तृवाचक प्रत्यय फिनिशमध्ये ‘-आरी’ होतो. मालकाच्या शेतावर राबून जमीन कसणाऱ्या कुळाचे ‘तोर्प्पारी’ हे नावही तसेच घडले. रोजच्या बोलीत ‘रुस्ताता’ (खटपट करून तयार करणे) हे क्रियापद आजही ऐकू येते.

शब्दारंभीची जोडाक्षरे जुन्या फिनिशला पेलत नसत. म्हणून करमुक्त सरदारी जमिनीचा स्वीडिश शब्द ‘फ्रेल्से’ फिनिशमध्ये ‘रॅल्स्सी’ झाला. (त्याचा मूळ अर्थ मोठा रोखठोक आहे : ‘मोकळी मान’, म्हणजे जो कोणाचा गुलाम नाही तो.) रुस्तहोल्लारीतील ‘स्तह’ शब्दाच्या मध्ये असल्याने टिकला, आणि म्हणूनच तो अजून परका वाटतो. ‘रात्सुतिलल्लिनेन’ हा देशी पर्याय आहे : ‘रात्सु’ म्हणजे स्वारीचा घोडा, ‘तिला’ म्हणजे वाडी.

घोडदळी सेवेबद्दल करमाफी ही प्रथा जुनी. 1280च्या सुमारास स्वीडनमधील आल्स्नोच्या राजाज्ञेने तिला कायद्याचे रूप दिले. पण रुस्तहोल्लारीला पक्की चौकट मिळाली ती स्वीडनचा राजा अकरावा कार्ल याच्या 1680च्या दशकातील लष्करी फेररचनेत. घोडा, खोगीर, हत्यारे, गणवेश हे सारे वाडीच्या माथी. स्वाराला राहायला झोपडे आणि जमिनीचा तुकडा द्यायचा. वाडीचा सुटलेला शेतसारा या खर्चाला पुरला नाही, तर शेजारच्या एखाद्या शेताचा सारा तिला जोडून देत. असे शेत म्हणजे ‘औग्मेन्त्ती’. दायित्व जमिनीला चिकटलेले असल्याने धारक उमराव असो की साधा शेतकरी, फरक पडत नसे. स्वतः घोड्यावर बसण्याची सक्तीही नव्हती. बहुतेक जण माणूस भाड्याने ठेवत. सरदारकीशी या शब्दाची गल्लत होते ती याच ठिकाणी.

1809मध्ये फिनलंड रशियाकडे गेला. जुने सैन्य मोडले आणि स्वार पुरवण्याऐवजी वाड्यांवर रोख कर बसला. पुढे रुस्तहोल्लारी हा शब्द मोठ्या, सुखवस्तू शेतकऱ्यासाठीही वापरला जाऊ लागला.