खिडकीला गोधडी घालायची आयडिया आली कुठून?

थंड हवेच्या ठिकाणी खिडकीवर जाड, चार-पाच थरांची कापडी शेड लावायची, तीही घरीच शिवून, आणि अंधार पडला की खाली सोडायची, हे आजकाल परत बरंच दिसायला लागलंय आणि लोक बोलतात असं की जणू कालच कुणाला तरी सुचलंय. मुळीच नाही. या शेडचा खरा जमाना म्हणजे १९७० चं दशक आणि ८० ची पहिली चार-पाच वर्षं, बस्स. त्याच्या खूप आधी युरोपातल्या दगडी वाड्यांत भिंतींवर जाड विणलेले पट टांगायचे, दारांना पडदे असायचे, पलंगालाही चारी बाजूंनी पडदे, कारण अख्खी खोली तापवणं परवडायचं नाही, मग झोपणाऱ्याभोवतीच एक छोटी खोली करायची. पुढे काच स्वस्त झाली, खिडक्या मोठ्या झाल्या, कोळसा आणि नंतर तेलही मुबलक मिळायला लागलं. १८६४ मध्ये अमेरिकेत स्ट्युअर्ट हार्टशॉर्नने शेडच्या स्प्रिंगवाल्या रोलरचं पेटंट घेतलं, ओढलं की खाली, झटका दिला की वर, आणि खिडकीवरच्या कापडाचं काम ऊन अडवणं आणि लोकांच्या नजरा अडवणं एवढंच उरलं.

मग आलं १९७३. ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेलाची निर्यात रोखली आणि काही महिन्यांत बॅरलचा भाव साधारण ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या आसपास गेला. अमेरिकेत बऱ्याच घरांचं हीटिंग तेलावर, त्यामुळे घरातली उष्णता नेमकी जाते कुठे हा प्रश्न एकदम घराघरात पोचला, आणि बघायला गेलं तर मोठा चोर खिडकीतच सापडला. साध्या एका काचेच्या एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर सुमारे ५.७ वॅट उष्णता निघून जाते, दुहेरी काच असेल तर साधारण त्याच्या निम्मी, आणि नीट इन्सुलेशन केलेल्या भिंतीतून अर्ध्या वॅटपेक्षाही कमी. म्हणजे भिंत कितीही भरा, खिडकी उघडी सोडली तर काय उपयोग.

१९७७ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर लोकरीचा स्वेटर घालून टीव्हीवर आले आणि थर्मोस्टॅट दिवसा ६५ आणि रात्री ५५ फॅरनहाइटवर ठेवा म्हणाले, म्हणजे आपल्या मापात १८ आणि १३ अंश. पुढच्याच वर्षी घर इन्सुलेट करणाऱ्यांना इन्कम टॅक्समध्ये सवलत आली. हार्वर्डचे फिजिसिस्ट विल्यम शर्क्लिफ यांनी तर १९८० मध्ये फक्त खिडक्यांच्या झडपा आणि शेड यांच्यावर पुस्तक काढलं, त्यात शंभरच्या वर जुगाड! अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत झोमवर्क्स नावाच्या कंपनीच्या लोकांनी दोन काचांच्या मधे रात्री ब्लोअरने थर्मोकोलचे दाणे भरायचे आणि सकाळी परत ओढून घ्यायचे अशी सिस्टीमही बसवली होती. भारी आयडिया, पण प्रत्येकाने घरी करण्यातली नाही. शिलाई मशीन मात्र खूप घरांत होतं, म्हणून कापडी शेडच जास्त पसरली.

आता त्या शेडमध्ये घातलं काय, तर त्यातला चकचकीत थर म्हणजे अवकाशातून आलेला माल. १९६० च्या दशकात नासासाठी धातूचा मुलामा दिलेली पातळ प्लास्टिक फिल्म वापरात आली, तीच ती मायलर. गंमत म्हणजे १९७३ च्याच मे महिन्यात स्कायलॅब या नासाच्या अंतराळस्थानकाचं बाहेरचं कवच उड्डाणात फाटलं, आतलं तापमान ५० अंशांच्या वर गेलं, आणि अंतराळवीरांनी वर जाऊन मायलर-नायलॉनची छत्री उघडून सावली केली. खिडकीवरच्या शेडचाच प्रकार, फक्त उलट्या कामासाठी! घरगुती शेडमध्ये ही फिल्म, पॉलिस्टरचं भरण, एक प्लास्टिकचा थर, मागे अस्तर आणि पुढे आवडीचं कापड, असं सगळं एकत्र शिवायचं. अमेरिकेतल्या ब्रॅटलबरो गावची ‘विंडो क्विल्ट’ तयार मिळायची, बाजूच्या पट्ट्यांत सरकणारी, आणि सिअ‍ॅटलकडच्या कंपनीचं ‘वॉर्म विंडो’ हे आधीच थर जोडलेलं कापड वारावर मिळायचं, त्याची रोमन शेड, म्हणजे मागच्या दोरीने घड्या पडत वर जाणारी, घरी शिवायची आणि कडांना चुंबकपट्टी लावायची.

या कडांच्या पट्टीवर माझ्या मते सगळा खेळ आहे, थरांवर नाही. नुसता जाड पडदा वर आणि खाली मोकळा टांगला तर खोलीतली गरम हवा वरून मागे शिरते, काचेला लागून गार होते, जड होऊन खालून बाहेर पडते, आणि पडदा कितीही महाग असो, रात्रभर हे चक्र चालूच. शिवाय शेडमुळे काच आणखी थंड पडते, खोलीतली दमट हवा कडेने आत घुसली की तिथेच पाणी होतं, सकाळी शेड उचलली की काचेवरून ओघळ खालच्या लाकडी पट्टीवर आणि काही दिवसांत कोपऱ्यात काळी बुरशी. म्हणूनच बाष्प अडवणारा थर खोलीच्या बाजूला जवळ ठेवायचा आणि चारी कडा बंद करायच्या हे त्या काळातल्या लोकांनी शिकून घेतलं. २००८ मध्ये हिस्टॉरिक स्कॉटलंड या जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी संस्थेसाठी जुन्या एकेरी काचेच्या खिडकीवर चाचण्या झाल्या तेव्हा जाड पडद्याने उष्णतेची गळती १४ टक्के कमी झाली आणि चौकटीत बसणाऱ्या लाकडी झडपांनी ५१ टक्के. झडपा काही फार जाड नसतात, फरक बहुतेक त्या नीट बसण्याचा.

एवढं सगळं असून फॅशन गेली कशी? १९८५ अखेर टॅक्सची सवलत संपली, १९८६ मध्ये तेलाचा भाव कोसळला, आणि काचेवरच अदृश्य धातूचा थर देणारी लो-ई काच बाजारात आली, जिला रोज संध्याकाळी कुणी ओढायला लागत नाही. आळस जिंकला असं म्हणा हवं तर, आणि खरं सांगायचं तर रोजची वर-खाली करायची कटकट हाच या शेडचा सगळ्यात मोठा दोष होता. १९८५ मध्येच हंटर डग्लस कंपनीने मधाच्या पोळ्यासारख्या कप्प्यांची ‘डुएट’ शेड आणली, तयार, हलकी, दिसायलाही बरी, मग शिवत कोण बसणार.

राहिली दोरीची भानगड. रोमन शेडच्या मागच्या मोकळ्या दोरीत लहान मुलांचा गळा अडकून मृत्यू झाले, आणि डिसेंबर २००९ मध्ये अमेरिकेत पाच कोटींहून जास्त रोमन आणि रोल-अप शेड दुरुस्तीसाठी रिकॉलमध्ये काढल्या गेल्या. त्यामुळे जुने पॅटर्न सापडले आणि तसेच शिवायला घेतले असं घरात लहान मुलं असतील तर करू नका. बरेच जण आता दोरी टाकूनच देतात, थर तेच जुने ठेवतात आणि शेड चौकटीला चुंबकाने किंवा वेल्क्रोने चिकटवून सकाळी अख्खी काढून गुंडाळून ठेवतात.